अयुथ्याला चार दिवस जायचंय? आधी घरातले सगळे पासपोर्ट काढून बघा

थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला हे आता घरोघरी माहीत झालंय, त्यामुळे लोक आधी तिकीट काढतात आणि कागद मागाहून शोधतात, आणि नेमकं तिथेच अडतं. आम्ही आई, मावशी, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी अशा चौघी चार दिवस अयुथ्याला जाऊन आलो, कागदांची सगळी जमवाजमव माझ्याकडे होती, त्यात जे कळलं ते सगळं इथे लिहितेय, कारण बरेच जण आता आईवडिलांना घेऊन जायचं म्हणतायत आणि ज्येष्ठांच्या पासपोर्टची गोष्ट थोडी वेगळी असते.

अयुथ्या म्हणजे बँकॉकच्या उत्तरेला साधारण 80 किलोमीटरवर असलेली सयामची, म्हणजे पूर्वीच्या थायलंडची, जुनी राजधानी. 1350 च्या सुमारास वसली, 1767 मध्ये बर्मी सैन्याने जाळली, आणि उरलेल्या अवशेषांना 1991 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. नाव आपल्या अयोध्येवरूनच आलंय. आईला हे सांगितल्यावर ती लगेच तयार झाली, एरवी "परदेश नको गं" असंच चाललं होतं.

तर व्हिसापासून सुरू करते. नोव्हेंबर 2023 च्या आधी भारतीयांना तिथे उतरल्यावर व्हिसा ऑन अरायव्हलची रांग लावायला लागायची, फोटो द्या, 2,000 बाट (थाई चलन) भरा. मग 30 दिवस व्हिसाशिवाय राहायची सवलत आली आणि 15 जुलै 2024 पासून ती 60 दिवसांची केली. चार-पाच दिवसांच्या ट्रिपला एवढं भरपूर होतं. पण बघा, आठ महिन्यांत नियम दोनदा बदललाय, म्हणून तिकिटाचे पैसे भरायच्या आधी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाच्या वेबसाइटवर त्या दिवशी काय लिहिलंय ते वाचाच, मित्राच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. सवलत चालू असली तरी ती फिरायला जाणाऱ्यांसाठीच. नोकरी, शिक्षण, लांबचा मुक्काम असेल तर थायलंडच्या ई-व्हिसा साइटवरून वेगळा अर्ज करायला लागतो, तो विषय इथे घेत नाही.

आता पासपोर्ट. तिथे उतरायच्या तारखेपासून निदान सहा महिने व्हॅलिड पाहिजे, हे सगळे सांगतात. पण लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे विसरायला होतं, माझ्या मुलीचा चार महिन्यांत संपणार होता आणि मला ते तिकीट बघताना कळलं. नवीन करायला 36 पानी पुस्तिकेचे मोठ्यांना 1,500 रुपये, तत्काळमध्ये वर आणखी 2,000, मुलांना फी थोडी कमी. अर्ज पासपोर्ट सेवाच्या साइटवरच करा, सेम दिसणाऱ्या एजंट लोकांच्या साइट सर्चमध्ये वर येतात त्या सोडा. मुलाच्या अर्जाला दोन्ही पालकांची संमती आणि जन्मदाखला लागतो, आणि 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या बाळाला जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखलाच चालतो, आधार चालत नाही.

आणि आता मावशीची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. मावशी चौथी शिकलेली, तिच्या पासपोर्टवर ईसीआर छापलेलं होतं. म्हणजे परदेशी कामाला जाताना या माणसाची सरकारी तपासणी व्हायला पाहिजे, कोणी फसवून नेत नाही ना हे बघायला. हे दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर येतं आणि काही ठरावीक देशांनाच लागू असतं, आखाती देश, मलेशिया, इंडोनेशिया वगैरे, आणि त्या यादीत थायलंडसुद्धा आहे. बहुतेकांना हे माहीतच नसतं. विमानतळावर चेक-इनला त्यांनी मावशीचा पासपोर्ट बाजूला काढला आणि ती बिचारी एकदम गप्प झाली, आपल्या शिक्षणामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला असं तिला वाटायला लागलं, मला ते फार लागलं.

पण घाबरायचं कारण नाही. ईसीआर आहे म्हणून फिरायला जायला बंदी नाही, नोकरीसाठी जात नसाल तर 2007 पासूनच सूट आहे, फक्त रिटर्न तिकीट दाखवायला लागतं आणि फिरायलाच चाललोय हे पटवून द्यायला लागतं. म्हणून अशा माणसाचं परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि सोबत जाणाऱ्या नातेवाइकाच्या पासपोर्टची झेरॉक्स हे सगळं प्रिंट काढून त्यांच्याच पर्समध्ये ठेवा, तुमच्या मोबाइलमध्ये नको, कारण इमिग्रेशनच्या काउंटरला एकेकाला बोलावतात आणि आपण चार माणसं मागे असतो. वेळ हातात असेल तर ईसीआर काढूनच टाका, पासपोर्ट सेवावर री-इश्यूचा अर्ज करताना ईसीआर हटवण्याचा पर्याय असतो, दहावीचं सर्टिफिकेट असेल तर ते, नसेल तर वय 50 च्या वर असलं तरी चालतं, इन्कम टॅक्स भरणाऱ्यांनाही चालतं. मावशी 63 वर्षांची आहे, म्हणजे आधीच काढता आलं असतं. तेव्हा आज घरातले सगळे पासपोर्ट काढा आणि दुसरं आणि शेवटचं पान बघा.

पुढचं टीडॅक, म्हणजे थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड. पूर्वी विमानात जो कागदी फॉर्म भरायचो तो बंद झाला आणि 1 मे 2025 पासून हे ऑनलाइन आलं. प्रत्येकाचं वेगळं भरायचं, लहान मुलांचंसुद्धा, आणि उतरायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायचं. पूर्णपणे फुकट आहे. कुठल्याही साइटने पैसे मागितले तर ती सरकारी साइट नाही, लगेच बंद करा. खरी साइट थाई इमिग्रेशनची आहे, पत्त्याच्या शेवटी गो डॉट टीएच असतं.

भरताना दोन ठिकाणी चूक होते. एक, तारीख. मुंबईहून रात्री 11 ला निघालात तर पोचता दुसऱ्या दिवशी पहाटे, थायलंडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, आणि फॉर्ममध्ये उतरायची तारीख पाहिजे, निघायची नाही. दुसरी, पत्ता. प्रांताच्या यादीत अयुथ्या ए अक्षरात शोधत बसलात तर सापडणार नाही, कारण प्रांताचं अधिकृत नाव फ्रा नाखोन सी अयुथ्या आहे, ते पी मध्ये येतं. मी वीस मिनिटं यादी वरखाली केली. पहिल्या रात्री बँकॉकला राहणार असाल तर बँकॉकच्याच हॉटेलचा पत्ता द्या. नाव अगदी पासपोर्टसारखं, आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेममध्ये असतं ते गाळू नका. गेल्या 14 दिवसांत कुठल्या देशात होतात तेही विचारतात. नैरोबी, दार-ए-सलाम अशा ठिकाणी राहणारी आपली मराठी माणसं तिथून थेट येत असतील तर त्यांना यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, भारतातून जाणाऱ्यांना नाही. शेवटी क्यूआर कोड मेलवर येतो, तोही प्रिंट काढा.

पैशांचं पटकन सांगते. इमिग्रेशनवाला खर्चाला पैसे आहेत का विचारू शकतो, माणशी 20,000 बाटची सोय दाखवता येईल एवढं ठेवा, आम्हाला कोणी विचारलं नाही पण मी ठेवले होते. इथे चलन घेताना पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि ए-टू फॉर्म (परकी चलन घेण्याचा अर्ज) लागतो, 50,000 रुपयांच्या वर असेल तर रोख देता येत नाही, बँकेतूनच द्यायचं, आणि परकी नोटा एका ट्रिपला 3,000 डॉलरएवढ्याच मिळतात. आपले रुपये माणशी 25,000 पर्यंत नेता येतात. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर वर टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, घेतात, ते रिटर्न भरताना क्लेम करा, सोडून देऊ नका.

औषधं नेताना डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा, झोपेच्या गोळ्या असतील तर नक्कीच. ई-सिगारेट अजिबात नको, तिथे बेकायदेशीर आहे. ड्रोनही परवान्याशिवाय उडवता येत नाही, चार दिवसांसाठी त्या भानगडीत पडू नये असं माझं मत. एकटा पालक मुलाला नेत असेल तर दुसऱ्याचं सही केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची कॉपी जवळ असू द्या. आणि हॉटेलऐवजी कोणाच्या घरी उतरणार असाल तर परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांत इमिग्रेशनला द्यायची जबाबदारी घरमालकाची असते, त्याला आधीच विचारून घ्या. हॉटेलवाले आपलं आपण करतात.

तिथे पोचल्यावर फारसे कागद लागत नाहीत. बँकॉकहून ट्रेन आहे, साध्या डब्याचं तिकीट अगदी किरकोळ, डॉन मुआंग विमानतळावर उतरलात तर समोरच स्टेशन आहे, बँकॉक शहरात जायलाच नको. अयुथ्याचं स्टेशन नदीच्या अलीकडे आणि जुनं शहर पलीकडे बेटावर, छोट्या होडीने जायचं. देवळांत गुडघे आणि खांदे झाकलेले पाहिजेत, आई-मावशी साडीत होत्या त्यामुळे त्यांचं काहीच अडलं नाही. नदीच्या पश्चिमेला 1630 चं वाट चायवत्थनाराम आहे (थाईत "वाट" म्हणजे देऊळ), तिथे संध्याकाळचं ऊन बघा, भाड्याचे थाई पोशाख घालून फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते पण जागाच तेवढी सुंदर आहे. शाकाहारी असाल तर "जे" हा शब्द लक्षात ठेवा, त्यात मांस, अंडं नसतंच, कांदा-लसूणही नसतो, मावशीचे चारही दिवस त्यावर निघाले.

आता खरेदीबद्दल, यातही कागद आहे. बुद्धाची मूर्ती किंवा जुनी वस्तू थायलंडबाहेर न्यायची तर तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते, 1961 पासून याबद्दल कायदा आहे. गळ्यात घालायचा छोटा ताईत चालतो, मूर्ती नाही. अर्जाला वस्तूचे फोटो आणि पासपोर्टची कॉपी द्यायला लागते आणि काही दिवस जातात, म्हणजे छोट्या ट्रिपमध्ये बसतच नाही. दुकानदार "नो प्रॉब्लेम" म्हणाला तरी परवान्याचा कागद तो देणार का हे विचारा. हा नियम मला जाचक वाटत नाही. 1957 मध्ये चोरांनी अयुथ्यातल्या वाट राचबुराणाच्या तळघरात शिरून सोन्याचा खजिना पळवला होता, जे वाचलं ते आज तिथल्या चाओ साम फ्राया म्युझियममध्ये आहे, आणि भग्न देवळांत डोकं नसलेल्या बुद्धांच्या रांगा दिसतात तेव्हा पोटात कालवतं.

वाट महाथातला पिंपळाच्या मुळांमध्ये अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. तिथे फोटो काढताना आपलं डोकं त्या मस्तकापेक्षा वर राहता कामा नये, खाली बसायचं, पहारेकरी खुणेने सांगतो. त्याने सांगायच्या आधीच मावशी खाली बसली होती.