जबड्यातला काळा गोल: सिस्ट की अमेलोब्लास्टोमा?

आमच्या कोल्हापुरात जबडा सुजला की पहिला सल्ला एकच, अक्कलदाढ येतीय, मिठाच्या गुळण्या कर. दुखत नसलं की माणूस तसंच अंगावर काढतो, मग कधीतरी राजारामपुरीत जाऊन ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, निघतो आणि अडकलेल्या दाढेभोवती काळा गोल दिसतो. घरचे विचारतात, कॅन्सर हाय का ओ? बहुतेकदा नसतो. पण डेंटिजेरस सिस्ट आहे का अमेलोब्लास्टोमा, हे ठरल्याशिवाय ऑपरेशनला हो म्हणू नका.

सिस्ट म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी. ओपीजी उजेडात धरून नीट बघा, पिशवीची कड दाताच्या मानेला, इनॅमल संपतं बरोबर तिथं चिकटलेली असते आणि बाहेरून बारीक पांढरी रेघ. पिशवी आणि दाढ काढली की बहुतेक विषय संपतो. लहान पोरांत किंवा लई मोठी असली तर आधी तोंडात वाट करून पाणी वाहू देतात, पिशवी आकसते, कधी कधी दातही वाचतो.

अमेलोब्लास्टोमा ही खरी गाठ. सहसा अंगात पसरत नाही पण जाग्यावर हाड खाते, जास्त करून खालच्या जबड्यात मागच्या बाजूला. साबणाच्या फेसासारखे कप्पे, शेजारच्या दाढांची मुळं झिजलेली, जबडा फुगलेला, असं दिसलं तर शंका लगेच येते. घोळ होतो तो युनिसिस्टिक, म्हणजे एकाच पोकळीच्या प्रकारात, तरुण पोरगा, तीच अक्कलदाढ, एकच गोल, हुबेहूब सिस्ट! सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये, हाड किती पातळ झालंय, नस कुठनं जाते ते छान कळतं, पण पेशी कुठल्या ते बायोप्सीच सांगते, आणि तुकडा छोटा असला तर तीपण चुकू शकते, म्हणून काढलेली अख्खी पिशवी तपासायला गेलीच पाहिजे.

हे सगळं एवढ्यासाठी की नेहमीचा अमेलोब्लास्टोमा नुसता खरवडला तर परत यायची शक्यता मोठी, कारण फोटोत दिसते त्या कडेच्या पुढं पेशी आतल्या स्पंजासारख्या हाडात शिरलेल्या असतात. म्हणून साधारण १ ते २ सेंटीमीटर चांगलं हाड धरून कापतात, मोठा भाग गेला तर पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट आणून जबडा बांधतात. नस कापावी लागली तर खालचा ओठ बधिर होतो, हे आधीच विचारून घ्या. युनिसिस्टिकमध्ये गाठ फक्त आतल्या अस्तरापुरती असेल तर कमी कापून भागू शकतं.

१० वर्षांनीसुद्धा ती परत येऊ शकते, त्यामुळं टाके निघाले म्हणून तपासणी सोडू नका आणि पहिला ओपीजी जपून ठेवा, पुढचा प्रत्येक फोटो त्याच्याशीच ताडून बघायचा असतो.