सारखा शिंकतो म्हणजे इम्युनिटी कमी? सर्दी आणि ॲलर्जीचा घोळ

'सारखा शिंकतो हो, इम्युनिटीच कमी आहे त्याची.' लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या गेटवर, फॅमिली ग्रुपवर, हे निदान कुठेही फुकट मिळतं. पाठोपाठ यादी येतेच: आवळा, गुळवेल, हळदीचं दूध, शिवाय टीव्हीवर दिसणारी ती डबी. आवळ्याशी माझं वैर नाही, मोरावळा घरात असला तर मी बरणी पुसून खातो. माझी तक्रार निदानाबद्दल आहे. रोज सकाळी उठल्याउठल्या ओळीने आठ-दहा शिंका देणारा आणि दुपारी ठणठणीत असणारा माणूस बहुतेक वेळा सर्दीचा नसतोच. तो ॲलर्जीचा असतो. आणि ॲलर्जी म्हणजे दुबळी प्रतिकारशक्ती नव्हे.

सर्दी सगळ्यांनाच ठाऊक आहे. विषाणूंमुळे होते, असे विषाणू दोनशेच्या वर आहेत, त्यांत ऱ्हायनोव्हायरस सर्वांत पुढे. आधी घसा खवखवतो, मग नाक गळतं, मग चोंदतं, अंग मोडून येतं आणि आठवडा-दहा दिवसांत आवरतं. मोठ्या माणसाला वर्षात दोन-तीनदा सर्दी होणं हे काही विशेष नाही. नव्याने बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलाला सहा-आठदा झाली तरी ते साधारणच धरतात, कारण प्रत्येक विषाणूशी त्याची ही पहिलीच गाठ असते. तेव्हा 'दर महिन्याला आजारी पडतो' म्हणून त्या पोराच्या मागे टॉनिक घेऊन धावू नका.

वरवरचे फरक पटकन सांगतो. ताप आणि अंगदुखी असेल तर सर्दी किंवा फ्लू. डोळे, नाक आणि टाळू खाजत असतील तर ॲलर्जी. खाज ही सर्वांत भरवशाची खूण. तळहाताने नाक खालून वर घासायची सवय असलेली मुलं बघा, काहींच्या नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी रेघच उमटलेली असते. ॲलर्जीत नाकातून पाण्यासारखं पातळ येतं, पण सर्दीचीही सुरुवात तशीच होते, त्यामुळे या खुणेवर फार विसंबू नये. शेंबूड हिरवा झाला की अँटिबायोटिक हवंच, ही समजूतही सोडून द्या. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो हिरवा-पिवळा होतो.

आता खरा घोळ. सर्दीत शत्रू खरा असतो. शरीर त्याला ओळखतं, सूज आणतं, नाक वाहवतं. म्हणजे गळणारं नाक हे बऱ्याच अंशी आपल्याच प्रतिकारशक्तीचं काम असतं. ॲलर्जीत शत्रूच नसतो. गादीतल्या धूळकिड्याची विष्ठा, गवताचे परागकण, ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी, मांजराच्या अंगावरचा कोंडा, यांपैकी कशानेही आजार होत नाही. पण काही जणांचं शरीर अशा एखाद्या गोष्टीविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. ही प्रतिपिंडं नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर चिकटून बसतात. पुढच्या वेळी तोच कण नाकात गेला की त्या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, आणि शिंका, खाज, पाणी सुरू. सोसायटीच्या वॉचमनने रोज येणाऱ्या दूधवाल्याला चोर समजून भोंगा वाजवावा, तसं. हा वॉचमन झोपाळू नाही. तो जरा जास्तच जागा आहे, आणि त्याला बदाम खाऊ घालून काय होणार?

पटत नसेल तर ॲलर्जीवर कोणती औषधं चालतात ते बघा. सेटिरिझिनसारखी गोळी हिस्टामिनला अडवते. नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे तिथली सूज शमवतो. १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क थोडाथोडा वाढवत टोचण्याचा उपाय छापून मांडला. तोच धागा धरून आजची इम्युनोथेरपी शरीराला त्या कणाची सवय लावते. यातलं एकही औषध प्रतिकारशक्ती 'वाढवत' नाही. सगळी तिला समजावतात, गप्प करतात. तरीही दुकानात 'ॲलर्जी आहे? इम्युनिटी बूस्टर घ्या' असं सांगणारे भेटतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

म्हणूनच रोजच्या सवयीही दोघांसाठी वेगळ्या लागतात. सर्दी कमी व्हावी असं वाटत असेल तर झोप. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १६४ धडधाकट माणसांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचे थेंब घातले होते. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. याशिवाय साबणाने नीट हात धुणं आणि नाकाडोळ्यांना सारखा हात न लावणं. व्हिटॅमिन सी रोज घेतल्याने सामान्य माणसाच्या सर्दीची संख्या घटत नाही, दुखणं जेमतेम थोडं लवकर संपतं. फ्लूची लस फ्लूसाठी आहे, साध्या सर्दीसाठी नाही. ती जरूर घ्या, पण नंतर सर्दी झाली म्हणून लसीला नावं ठेवू नका.

ॲलर्जीवाल्याने मात्र आधी आपल्या अंथरुणाकडे बघावं. धूळकिडे माणसाच्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि त्यांना दमट हवा मानवते. मुंबई-कोकणातली कापसाची गादी म्हणजे त्यांची चैनच. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. गादी नुसती उन्हात टाकून आत आणली तर मेलेले किडे आणि विष्ठा आतच राहतात, तेव्हा ती बाहेरच झटकावी, आणि तेही ज्याला त्रास नाही त्याने. कोरड्या झाडूपेक्षा ओला फडका बरा, पंख्याच्या पात्यांवरूनही फिरवावा. दिवाळीच्या सफाईला माळ्यावर चढायचं तर मास्क लावून. आणि गाजरगवत! १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे तण आज राज्यभर रस्त्याकडेला माजलंय. त्याचे परागकण काहींचं नाक बिघडवतात, तर स्पर्शाने काहींची कातडी सोलवटते. अंगणात उगवलंच तर हातमोजे घालून, फुलायच्या आत उपटा.

घोळ टिकून राहण्यात औषधाच्या दुकानातल्या 'सर्दीच्या गोळी'चाही वाटा आहे. तिच्यात बहुधा जुन्या पिढीतलं, गुंगी आणणारं हिस्टामिनविरोधी औषध असतं. त्यामुळे ती ॲलर्जीतही बरं वाटायला लावते, आणि माणूस वर्षानुवर्षं 'मला सर्दीचा कोठा आहे' म्हणत राहतो. त्याहून वाईट म्हणजे नाक मोकळं करणारे थेंब. ते चार-पाच दिवसांपलीकडे घातले की उतार पडताच नाक दुप्पट चोंदतं, मग पुन्हा थेंब, असं चक्र लागतं. स्टेरॉइड स्प्रेचं उलटं आहे. तो एका फवाऱ्यात जादू करत नाही, काही दिवस नेमाने मारावा लागतो. नेमकं त्याच्याबाबतीत लोक दोन दिवसांत 'उपयोग नाही' म्हणून सोडून देतात आणि थेंब मात्र महिनोन्‌महिने घालतात.

शिंकांबरोबर रात्री खोकला येत असेल, छातीत सूं-सूं वाजत असेल, धाप लागत असेल, तर घरी तर्क करत बसू नका. नाकाची ॲलर्जी आणि दमा पुष्कळदा एकाच माणसात राहतात, डॉक्टरांकडे जा. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर ती सर्दीही नाही आणि ॲलर्जीही नाही. बहुधा त्याने मणी, खडू नाहीतर हरभरा आत कोंबलेला असतो. तो चिमट्याने काढायला जाऊ नका, आणखी आत जातो. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.