गिअरबदल, तीनचाकी वाहनांतील (हाती व अर्धस्वयंचलित)

गिअरबदल, तीनचाकी वाहनांतील : मोटारसायकल किंवा स्कूटरच्या रचनेतून निघालेल्या आणि हँडलने वळणाऱ्या तीनचाकी वाहनांत गिअर बदलण्याच्या दोन पद्धती. क्लच (एंजिनाचा चाकाशी असलेला संबंध तोडणारा व जोडणारा भाग) दाबणे आणि गिअर टाकणे ही दोन्ही कामे चालक स्वतः करत असेल तर ती हाती (मॅन्युअल) पद्धत. क्लचचे काम यंत्राने उचलले आणि कोणता गिअर हवा हे ठरवणे तेवढे चालकाकडे राहिले, तर ती अर्धस्वयंचलित (सेमी-ऑटोमॅटिक) पद्धत. पट्टा व पुली यांवर चालणारी, ज्यांत गिअर टाकण्याचा प्रश्नच येत नाही अशी वाहने पूर्ण स्वयंचलित होत. त्यांचा उल्लेख येथे तुलनेपुरता आहे. जुन्या पारिभाषिक लेखनात गिअरबॉक्ससाठी ‘दंतचक्रपेटी’ असा शब्द आढळतो. साताऱ्याच्या कोणत्याही गॅरेजात तो उच्चारला तर समोरचा हातातला पाना खाली ठेवून पाहत राहील, म्हणून प्रस्तुत नोंदीत रूढ शब्दच वापरले आहेत.

संज्ञेचा वाद : ‘अर्धस्वयंचलित’ कशाला म्हणावे याबद्दल लेखकांत एकवाक्यता नाही. एका मतानुसार पाय किंवा मनगट न वापरता बटणाने गिअर पडत असेल तर पद्धत अर्धस्वयंचलित. दुसऱ्या मतानुसार गिअर कशाने पडतो हे गौण आहे. चालकाला क्लच सांभाळावा लागतो की नाही, एवढेच पाहावे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिले मत धरले तर पायाने गिअर टाकायची पण क्लचचा दांडाच नसलेली होंडा सुपर कब (१९५८) हाती ठरते, आणि तिला तसे म्हणायला कोणीच तयार नसते. उलट २०१८ मध्ये आलेल्या तीनचाकी यामाहा नायकेनमध्ये चालत्या गाडीत क्लच न दाबता वरचा गिअर टाकता येतो. पण क्लचचा दांडा जागेवर आहे आणि निघताना तो लागतोच, म्हणून ती हाती.

कायद्यातील स्थान : भारतीय कायद्याच्या दृष्टीने ‘तीनचाकी मोटारसायकल’ हा शब्दप्रयोगच अडचणीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२७) नुसार मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचे वाहन; तिसऱ्या चाकाला जागा आहे ती केवळ काढता येण्याजोग्या साइडकारच्या रूपाने. परवान्याच्या वर्गवारीत (कलम १०) ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ आणि ‘गिअर असलेली मोटारसायकल’ असा भेद आहे. तो गिअरवरून केलेला आहे, क्लचवरून नाही. त्यामुळे क्लच नसलेली पण गिअर असलेली गाडी शब्दशः ‘गिअर असलेली’ या वर्गात जाते. रिक्षा मोटारसायकलच्या व्याख्येत बसत नाही आणि हलक्या वाहनांच्या परवान्यात हाती व स्वयंचलित असा भेद नाही. एमएच-११ (सातारा) पाटीची रिक्षा मुठीच्या गिअरची, म्हणजे हँडलची मूठ फिरवून गिअर टाकायची, असो वा गिअर नसलेली, परवान्यापुरता त्याने फरक पडत नाही.

उगम : आरंभीच्या तीनचाकी मोटारसायकलींत गिअरचा दांडा टाकीच्या बाजूला आणि क्लच पायात असे. हार्ले-डेव्हिडसनच्या सर्व्हि-कारमध्ये (१९३२–७३) तीन पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स होता. दिल्लीत कॅनॉट प्लेस ते चांदनी चौक धावणाऱ्या ‘फटफटी’ याच कुळातल्या; विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून त्या बंद झाल्या. पश्चिम महाराष्ट्रात हा दांडा रुजला नाही. येथे आला तो मुठीचा गिअर, आणि त्याची वाट इटलीवरून येते.

कोरादीनो द’आस्कानियो हा मूळचा विमानांचा अभियंता. त्याने आखलेली व्हेस्पा स्कूटर १९४६ मध्ये पियाज्योने बाजारात आणली. तिच्यात गिअर आणि क्लच दोन्ही डाव्या मुठीत होते. १९४८ मध्ये त्याच यंत्रावर तीनचाकी आपे आली. भारतात ऑटोरिक्षा नेमकी केव्हा अवतरली याबद्दल मतभेद आहेत. पुण्यात नवलमल फिरोदिया यांच्या प्रयत्नांतून १९४८–४९ च्या सुमारास ती आली असे बहुतेक लेखक मानतात. काही जण पुढे परवान्याने सुरू झालेल्या उत्पादनापासून तिचा इतिहास मोजतात. पहिले मत वाहनाच्या इतिहासाला धरून आहे. मात्र गिअरबदलाच्या इतिहासाला दुसरेच उपयोगी, कारण आज ‘रिक्षाचा गिअर’ म्हणून जो ओळखला जातो तो १९६० च्या सुमारास पियाज्योच्या सहकार्याने बजाजने स्कूटर व तीनचाकी बनवायला घेतल्यावर स्थिर झाला. हा करार १९७१ मध्ये संपला, मूठ तशीच राहिली. हॅन्सियाट टेंपो (भारतात १९५८ पासून) तीनचाकी असला तरी त्याला स्टिअरिंग व्हील होते, म्हणून तो या नोंदीत येत नाही. मराठीत मालवाहू गाडीला ‘टेंपो’ हा शब्द देऊन तो गेला एवढे खरे.

साताऱ्याला या मुठीची ओळख कारखान्यातूनही झाली. बजाज ऑटो आणि वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीतून १९७५ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ‘प्रिया’ स्कूटर बनवत असे. प्रिया दुचाकी, पण गिअर याच घराण्याचा. प्रियावर हात बसलेल्या माणसाला रिक्षा वेगळी शिकावी लागली नाही, फार तर वळणावर आडवे पडायची सवय तेवढी मोडावी लागली.

मुठीच्या गिअरची रचना : डाव्या मुठीच्या कडेला १, ०, २, ३, ४ असे आकडे असतात. न्यूट्रल (०, म्हणजे कोणताच गिअर न पडलेली स्थिती) पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये येतो. क्लचचा दांडा मुठीलाच जोडलेला असल्याने तो तिच्याबरोबर फिरतो: पहिल्या गिअरला त्याचे टोक वर उचललेले, चौथ्याला खाली झुकलेले. साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढणाऱ्या रिक्षात मागे बसलेल्या माणसाला आकडे दिसत नाहीत, चालकाचे मनगट दिसते. त्याच्या मोडीवरून गाडी कितव्यात आहे ते सांगता येते. वडापच्या (माणशी भाडे घेऊन खच्चून भरलेल्या) रिक्षात चालकाच्या डाव्या अंगाला चौथा माणूस कोंबला की दर गिअरला कोपर त्याच्या बरगडीत जाते. नेहमीचा प्रवासी ‘पहिला’ पडायच्या आधीच अंग चोरतो.

मुठीपासून दोन वायरी निघतात; एक ओढली की गिअर एका दिशेला, दुसरी ओढली की उलट दिशेला. पेटीतील गिअरचक्रे नेहमीच एकमेकांत अडकलेली असतात, पण शाफ्टवर ती मोकळी फिरतात. पोकळ शाफ्टच्या आत चार पायांची एक चौफुली सरकते. ती ज्या चक्राच्या खाचांत जाऊन बसेल तेवढे एक चक्र शाफ्टशी बांधले जाते. म्हणजे ‘गिअर टाकला’ असे आपण म्हणतो तेव्हा दातात दात जात नाहीत, ही चौफुली एक घर पुढे सरकते. वर्षानुवर्षे वापरून तिचे कोपरे गोलटले की गिअर सटकतो: चढावर रेस दिली की खट् आवाज होऊन गाडी मोकळी पळते आणि एंजिन नुसते ओरडते.

स्कूटरपेक्षा रिक्षात ही तक्रार लवकर दिसते. एक कारण ओझे. दुसरे, मागच्या एंजिनाच्या रिक्षात एंजिन प्रवाशांच्या आसनाखाली असते, त्यामुळे हँडलपासून तिथपर्यंत वायरी लांब जातात. लांब वायर जास्त ताणते. मग मुठीवर तिसरा दिसतो आणि पेटीत दुसराच असतो, न्यूट्रल सापडत नाही, स्टँडवर चालक मूठ मागेपुढे डोलवत बसतो. वायर आवळून घेणे हे दहा मिनिटांचे काम. चौफुली बदलायची तर एंजिन खाली घ्यावे लागते. त्यामुळे आधी वायर आवळूनच पाहिले जाते, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतेही.

रिव्हर्ससाठी वेगळा दांडा असतो. दुचाकी पायाने मागे रेटता येते. तीन प्रवासी बसलेली तीनचाकी रेटता येत नाही, म्हणून हाती असो वा अर्धस्वयंचलित, तीनचाकीला रिव्हर्स बहुधा द्यावाच लागतो. गाडी थांबवून, न्यूट्रल करून मगच तो ओढायचा.

चढ व उतार : सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेले आहे, त्यामुळे चढावर थांबून पुन्हा निघणे ही येथील रोजची परीक्षा. मोटारीत ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकाच उजव्या पायाकडे असल्याने नवशिका हँडब्रेककडे धावतो. रिक्षात रेस उजव्या हातात, ब्रेक उजव्या पायात, क्लच-गिअर डाव्या हातात. तिन्ही कामे एकाच वेळी करता येतात. पायाने गाडी धरून ठेवायची, हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून, एंजिनाचा आवाज किंचित बसला की पाय सोडायचा. गाडी बोटभरही मागे येत नाही. किंमत क्लचप्लेटा मोजतात. त्या तेलात बुडालेल्या असल्या तरी समर्थ मंदिर ते बोगदा आणि पुढे यवतेश्वरच्या घाटात दिवसभर हाफ क्लचवर वापरल्या तर टिकत नाहीत.

उतारावरचा प्रश्न निराळा. टू-स्ट्रोक रिक्षांच्या काळात ‘न्यूट्रल करून सोडणे’ सर्रास चाले आणि त्याला पेट्रोल वाचवणे हेच कारण सांगितले जाई. त्यामागे तांत्रिक बाजूही होती: या एंजिनांत वंगण पेट्रोलबरोबर मिसळून जाते, त्यामुळे रेस पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये लांब उतार उतरला तर एंजिन वेगाने फिरते आणि तेल मात्र जेमतेम पोचते. म्हणून जुने चालक गिअरमध्ये उतरताना अधूनमधून थोडी रेस देत. फोर-स्ट्रोकमध्ये वंगणाची व्यवस्था स्वतंत्र असल्याने ही सबब उरली नाही. सवय मात्र राहिली. पसरणी किंवा केळघरच्या घाटात न्यूट्रलवर सोडलेली भरलेली तीनचाकी केवळ ब्रेकवर असते, आणि तापलेला ड्रमब्रेक धरत नाही.

अर्धस्वयंचलित पद्धत : हिचा गाभा अपकेंद्री क्लच. एंजिन मंद असताना त्यातील वजने आत असतात आणि चाकाचा संबंध तुटलेला असतो. वेग वाढला की ती बाहेर फेकली जाऊन क्लच धरतात. सुपर कबमध्ये गिअरचा पायदांडा दाबताच क्लच आपोआप सुटतो. एका हातात सोबा शेवयांची ताटे घेऊन जाणाऱ्या पोऱ्याला दुसऱ्या हाताने गाडी चालवता यावी, अशी त्यामागची कल्पना सांगितली जाते.

तीन चाकांवर ही पद्धत ठळकपणे आली ती १९७० मध्ये अमेरिकेत विकायला काढलेल्या होंडा यूएस-९० (पुढे एटीसी-९०) या रानवाटेच्या गाडीत. फुगीर टायर, स्प्रिंग नाहीत, क्लचचा दांडा नाही. १९८१ च्या एटीसी-२५०आर या शर्यतीच्या वळणाच्या गाडीत मात्र हाती क्लच परत आला. कारण उघड होते: ज्याला चाके घसरवून वळायचे आहे त्याला शक्ती हव्या त्या क्षणी तोडता व जोडता आली पाहिजे, आणि अपकेंद्री क्लच एंजिनाच्या वेगाचे ऐकतो, चालकाचे नाही. या वर्गातील नव्या तीनचाकींची विक्री अपघातांमुळे अमेरिकेत १९८७–८८ मध्ये थांबली. तो दोष गिअरचा नव्हता, अरुंद आणि उंच बैठकीचा होता.

रस्त्यावरच्या गाड्यांत कॅन-अॅम स्पायडरने (२००७) दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या. एका प्रकारात नेहमीचा हातक्लच व पायगिअर. दुसऱ्यात डाव्या मुठीजवळची कळ अंगठ्याने ढकलली की वरचा आणि तर्जनीने ओढली की खालचा गिअर. वेग कमी होत गेला आणि चालक विसरला, तर गाडी स्वतःच खालचे गिअर घेते. वर मात्र स्वतःहून जात नाही.

तुलना : दुचाकीवर हाफ क्लच हे तोल सांभाळायचेही साधन आहे, गर्दीत मुंगीच्या पावलाने जाताना ते कळते. तीन चाकांवर तोलाचा प्रश्न नाही, त्यामुळे हाती क्लचच्या बाजूचा निम्मा युक्तिवाद तिथेच गळतो. उरतो तो चढ-उतार. अपकेंद्री क्लचची गाडी चढावर रेस सोडताच मोकळी होते आणि ब्रेक नसेल तर मागे घरंगळते. एंजिन बंद असताना तिला गिअरमध्ये अडकवून उभी करता येत नाही, पार्किंग ब्रेक लावावाच लागतो. सपाटीच्या सांगली–मिरज रस्त्यावर हा दोष जाणवणार नाही, साताऱ्यात जाणवेल. तरीही रिक्षात अर्धस्वयंचलित पद्धत आली नाही याचे कारण भूगोल नसून दुरुस्ती असावे: वायर आणि क्लचप्लेटा कोणत्याही गावात मिळतात व बदलता येतात. विजेवरच्या तीनचाकींत बहुधा गिअर नसतोच. काहींत चढासाठी दोन टप्प्यांची, आपोआप बदलणारी पेटी असते. डाव्या मुठीला तिथे काम उरलेले नाही.

अपंगांसाठीची वाहने : मागे दोन जादा चाके लावलेल्या स्कूटरला बोलीत ‘तीनचाकी’ म्हणतात, मोजली तर चाके चार भरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात अशांसाठी अनुकूलित वाहनाची व्याख्या आहे. येथे गिअरपद्धतीचा प्रश्न सोयीचा नसून चालवता येण्याचा आहे. मुठीच्या गिअरच्या स्कूटरला मागचा ब्रेक उजव्या पायात असतो, त्यामुळे पायांत बळ नसलेल्याला ती मूळ रूपात चालत नाही. सुपर कबच्या पद्धतीत क्लच गेला तरी गिअर पायातच राहतो, म्हणून तीही चालत नाही. दोन्ही ब्रेक हातात असलेली, गिअर नसलेली स्कूटरच या कामी पसंत केली जाते, ती त्यामुळे.