लिनक्स बॅकअप सर्व्हर, विद्यापीठीय नेटवर्कवरील

विद्यापीठाच्या अंतर्गत नेटवर्कवरील संगणकांतून डेटाच्या प्रती ठरलेल्या वेळी गोळा करणारा, त्यांच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारा आणि मागणी आली की त्या परत देणारा, लिनक्सवर चालणारा सर्व्हर. यंत्र म्हणून तो साधाच असतो. मध्यम ताकदीचा प्रोसेसर, भरपूर डिस्क आणि बऱ्यापैकी नेटवर्क जोडणी एवढ्यात त्याचे भागते. अवघड असते ते अधिकारांचे गणित. मूळ फाइल पुसण्याची मुभा ज्याला आहे त्यालाच तिची प्रतही पुसता येत असेल, तर ती प्रत असून नसल्यासारखी. विद्यापीठात हा प्रश्न कंपनीपेक्षा जास्त बोचतो. विभाग आपापले सर्व्हर स्वतः चालवतात, नेटवर्क मुद्दाम मोकळे ठेवलेले असते, आणि संशोधक विद्यार्थी पदवी घेऊन गेला तरी त्याने बसवलेले यंत्र प्रयोगशाळेत टेबलाखाली चालूच राहते.

इतिहास : या कामाची बरीच साधने विद्यापीठांच्याच गरजेतून निघाली. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘अमांडा’ ही प्रणाली तयार झाली. वर्कस्टेशन पुष्कळ आणि मोठ्या क्षमतेचा टेप ड्राइव्ह मात्र एकच, ही तिच्यामागची अडचण. अमांडा सगळ्यांचा डेटा एकाच वेळी एका मधल्या डिस्कवर उतरवून घेते आणि तिथून सावकाश टेपवर लिहिते. आज कोणाची पूर्ण प्रत घ्यायची आणि कोणाचे फक्त बदल, हेही तीच ठरवते, त्यामुळे रोजचा भार साधारण सारखा राहतो.

दुसरे साधन ‘आरसिंक’, दोन यंत्रांवरील फाइली जुळत्या ठेवणारे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये जाहीर केले. ट्रिजेल तेव्हा कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत होते आणि १९९९ च्या त्यांच्या पीएच.डी. प्रबंधात ही पद्धत सविस्तर आली आहे. फाइलची जुनी प्रत ज्याच्याकडे आहे ते यंत्र तिचे ठोकळे पाडते आणि प्रत्येक ठोकळ्याच्या दोन बेरजा (चेकसम, मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) पाठवते, एक झटपट निघणारी आणि एक पक्की. समोरचे यंत्र नव्या फाइलवरून एकेक बाइट सरकत तेच ठोकळे शोधते आणि न सापडलेला भागच पाठवते. रोजच्या वापरात मात्र आरसिंकचा वेग येतो तो त्याआधीच्या साध्या तपासणीतून : फाइलचा आकार आणि बदलाची वेळ तीच असेल, तर ती फाइल उघडलीच जात नाही. डिस्कच्या दोषामुळे फाइल आतून खराब झाली आणि वेळ-आकार तसाच राहिला, तर आरसिंकला त्याचा पत्ता लागत नाही. बेरजा पडताळण्याचा वेगळा पर्याय त्यात आहे, पण तो मंद असल्याने रोज वापरत नाहीत. महिन्यातून एखाद्या रविवारी चालवतात.

पुढच्या काळात बॅक्युला, बॅकअपपीसी आणि अलीकडे बोर्ग व रेस्टिक ही साधने रूढ झाली. शेवटची दोन्ही साधने डेटाचे तुकडे पाडून सारखा तुकडा एकदाच साठवतात. रेस्टिक सांकेतिक (एनक्रिप्टेड) रूपातच लिहिते, बोर्गमध्ये तो पर्याय निवडता येतो.

ओढायचे की ढकलायचे : मांडणीतला पहिला निर्णय हा. ओढण्याच्या पद्धतीत बॅकअप सर्व्हर रात्री स्वतः एसएसएचने (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने) प्रत्येक यंत्रावर जाऊन फाइली आणतो. मूळ यंत्र फोडणाऱ्याला प्रतींपर्यंत पोहोचता येत नाही, हा तिचा मोठा गुण. पण त्यासाठी बॅकअप सर्व्हरकडे सगळ्या यंत्रांच्या किल्ल्या असाव्या लागतात, म्हणजे तोच फुटला तर सारे विद्यापीठ उघडे पडते. यावर उतारा असा की प्रत्येक यंत्रावर त्या किल्लीला फक्त एकच आज्ञा चालवण्याची परवानगी द्यायची, तीही केवळ वाचण्याची. एसएसएचच्या अधिकृत किल्ल्यांच्या फाइलीत ही सोय आहे आणि आरसिंकसोबत तिच्यासाठी ‘आररसिंक’ नावाची छोटी स्क्रिप्टही मिळते.

ढकलण्याच्या पद्धतीत प्रत्येक यंत्र आपला डेटा स्वतः पाठवते. प्राध्यापकांचे लॅपटॉप कधी संकुलात असतात, कधी नसतात, त्यांच्यासाठी हाच मार्ग व्यवहार्य ठरतो. मात्र पाठवणाऱ्याला फक्त भर घालण्याचा अधिकार द्यायचा, पुसण्याचा नाही. बोर्ग आणि रेस्टिक दोन्हींच्या सर्व्हरमध्ये ही व्यवस्था लावता येते. जुन्या प्रतींची छाटणी मग बॅकअप सर्व्हरवरूनच, वेगळ्या खात्याने करायची.

ही काळजी कागदी नाही. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठावर २३ डिसेंबर २०१९ रोजी खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. हल्लेखोर ऑक्टोबरमध्येच एका फसव्या ईमेलवाटे आत शिरले होते. २६७ विंडोज सर्व्हरवरील फाइली कुलूपबंद झाल्या आणि काही महत्त्वाच्या यंत्रणांच्या बॅकअप प्रतीही त्याच नेटवर्कवर हाताशी असल्याने सोबत गेल्या. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे २ लाख युरो, खंडणी भरली. २०२२ मध्ये तपास यंत्रणांनी त्यातला काही भाग परत मिळवला, तोवर बिटकॉइन इतका महागला होता की हाती आलेली रक्कम भरलेल्या रकमेपेक्षा जास्त निघाली. असे दैव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

क्योटो विद्यापीठात तर कुंपणानेच शेत खाल्ले. १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या साठवणीतून सुमारे ७७ टेराबाइट डेटा, ३ कोटी ४० लाखांहून अधिक फाइली, बॅकअपच्या स्क्रिप्टनेच पुसल्या. १० दिवसांपेक्षा जुन्या नोंदफाइली काढून टाकण्याची एक पायरी त्या स्क्रिप्टमध्ये होती. ती सुधारताना नवी आवृत्ती चालू स्क्रिप्टच्या जागीच लिहिली गेली. बॅश शेल स्क्रिप्ट आधी पूर्ण वाचून घेत नाही, चालता चालता पुढचा भाग वाचतो. त्यामुळे मध्येच नव्या स्क्रिप्टच्या ओळी चालू लागल्या, त्यांतल्या चलांना (व्हेरिएबलांना) किंमतच दिलेली नव्हती, आणि नोंदफाइलींऐवजी संशोधकांच्या फाइलींवर कुऱ्हाड चालली. १४ संशोधन गटांचे नुकसान झाले, त्यांपैकी ४ गटांचा डेटा परत मिळण्यासारखा राहिला नाही. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये किंमत न दिलेले चल दिसताच थांबण्याची सूचना पहिल्याच ओळींत असावी आणि स्क्रिप्ट बदलताना नवी फाइल वेगळी लिहून मग तिचे नाव बदलावे, हे शेलचे जुने नियम आहेत. ते न पाळल्याची किंमत इतकी ठळकपणे क्वचितच जगासमोर येते.

आरसिंकच्या पुसण्याच्या पर्यायातही असाच सापळा आहे. मूळ यंत्रावरची डिस्क काही कारणाने माउंट झाली (प्रणालीला जोडली गेली) नसेल, तर तिथे रिकामे फोल्डर दिसते. आरसिंक त्यालाच खरे मानतो आणि इमानेइतबारे प्रतही रिकामी करतो. म्हणून एका फेरीत किती फाइली पुसता येतील याला मर्यादा घालतात, आणि डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवून ती दिसली तरच काम सुरू करतात.

साठवण : रेडमुळे, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधण्याच्या रचनेमुळे, एखादी डिस्क गेल्यावर काम थांबत नाही, इतकेच. चुकून पुसलेली फाइल रेडमधील सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. त्यामुळे बॅकअप सर्व्हरमध्ये रेड-६ असला तरी जुन्या आवृत्त्या वेगळ्या राखाव्याच लागतात. त्याची स्वस्त पद्धत हार्ड लिंकची. प्रत्येक दिवसाचे स्वतंत्र फोल्डर दिसते, पण न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते. आरएसस्नॅपशॉट हे साधन याच तत्त्वावर चालते. संशोधकांच्या घरफोल्डरांत लाखो बारीक फाइली असतात, तिथे मात्र ही पद्धत अडते. ईएक्सटी४ फाइलप्रणालीत आयनोडांची (प्रत्येक फाइलीची नोंद ठेवणाऱ्या खणांची) संख्या डिस्क तयार करतानाच ठरते. जागा अर्धी शिल्लक असताना ‘जागा नाही’ असा संदेश आला, की नवखा व्यवस्थापक तासभर चक्रावतो. एक्सएफएसमध्ये आयनोड गरजेनुसार तयार होतात. झेडएफएसमध्ये स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या क्षणाच्या गोठवलेल्या अवस्था, फाइलप्रणालीतच असतात आणि प्रत्येक ठोकळ्याची बेरीज ठेवलेली असल्याने नियमित पडताळणीत कुजलेला डेटा पकडला जातो. ज्या केंद्राला नव्याने सुरुवात करायची आहे त्याने झेडएफएस घ्यावे. त्याच्या मेमरीच्या भुकेबद्दल जितके बोलले जाते तितकी ती बॅकअपच्या कामात जाचत नाही.

चालू डेटाबेस : डेटाबेसच्या फाइली तो चालू असताना नुसत्या उचलून आणल्या तर बहुधा निरुपयोगी ठरतात. आधी डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने त्याचा डंप (सगळा मजकूर एका फाइलीत उतरवलेला) काढावा आणि डंपची प्रत घ्यावी. मूडलसारख्या अध्यापन प्रणालीत आणखी एक गुंता आहे. विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या फाइली मूडल त्यांच्या मजकुरावरून काढलेल्या हॅशच्या (ठराविक लांबीच्या खुणेच्या) नावाने ठेवते आणि खरी नावे असतात डेटाबेसमध्ये. फोल्डर शाबूत राहिले आणि डेटाबेस गेला, तर हाती उरतो तो चाळीस अक्षरी नावांचा ढीग. शोधगंगा हे प्रबंधांचे भांडार ज्या डीस्पेसवर चालते त्यातही फाइली आणि त्यांची माहिती अशीच दोन ठिकाणी असते. ग्रंथालयांतील कोहा हे सॉफ्टवेअर त्यामानाने सोपे : डेबियन या लिनक्स प्रकारासाठीच्या त्याच्या पॅकेजमध्ये रोजचा डंप काढण्याची सोय तयारच येते, फक्त तो डंप त्याच यंत्रावर पडून राहतो आणि तिथून तो हलवायचे पुष्कळदा राहून जाते.

देखभाल : सगळी यंत्रे रात्री बाराच्या ठोक्याला सुरू केली तर नेटवर्क गुदमरते. लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टीमडीच्या टायमरमध्ये प्रत्येकाची वेळ थोडी पुढेमागे करता येते. कालची फेरी संपली नसेल तर आजची सुरू होऊ नये म्हणून कुलूपफाइल ठेवतात. काम संपल्यावर आरसिंकचे उत्तर (संकेतांक) २४ आले तर काम चालू असताना काही फाइली नाहीशा झाल्या एवढाच अर्थ होतो आणि तो सहसा निरुपद्रवी असतो. २३ आले तर काही फाइली आल्याच नाहीत. रोज येणाऱ्या २४ च्या ईमेलांना कंटाळून दोन्ही गाळणीत टाकली जातात, आणि परवानगीअभावी एखाद्या विभागाचे पूर्ण फोल्डर महिनोन्महिने सुटलेले कोणाच्या लक्षात येत नाही. डिस्कच्या प्रकृतीवर स्मार्टडी हा प्रोग्राम लक्ष ठेवतो. वीज गेल्यावर यूपीएसची बॅटरी संपण्याआधी सर्व्हर नीट बंद व्हावा यासाठी त्याला यूपीएसशी जोडतात. लिनक्सची कोणती आवृत्ती आहे हेही दुर्लक्षून चालत नाही. सेंटओएस ७ या आवृत्तीचा आधार (सुरक्षा सुधारणांचा पुरवठा) ३० जून २०२४ रोजी संपला, तरी ‘आतल्या नेटवर्कवरच तर आहे’ म्हणून ती तशीच चालवण्याचा मोह होतो.

परत मिळवण्याची तालीम ठराविक काळाने करावी लागते आणि तीत वेळही मोजावा लागतो. एक गिगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट या वेगाने १० टेराबाइट आणायला २५ तास लागतात, बारीक फाइली असतील तर त्याहून पुष्कळ जास्त. निकालाच्या आदल्या दिवशी परीक्षा विभागाला हा आकडा पहिल्यांदा ऐकवण्याची वेळ येऊ नये.

भारतातील स्थिती : २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कमुळे अनेक विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना वेगवान जोडणी मिळाली, तेव्हापासून दुसऱ्या गावी प्रत ठेवणे आवाक्यात आले. दूर म्हणजे किती दूर, याचे उत्तर भूगोल देतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. मुंबई विद्यापीठाचे कलिना संकुल तिथून जवळच आहे. फोर्टमधील प्रत कलिन्यात ठेवली, तर एका इमारतीच्या आगीपासून ती वाचेल. पण शहरावरच संकट आले तर रत्नागिरीसारख्या उपकेंद्रातली प्रतच कामाला येईल. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन हिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतातच सांभाळणे आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक झाले. त्यामुळे सर्व्हरच्या नोंदफाइलीही बॅकअपच्या यादीत आल्या.

प्रती सांकेतिक रूपात असतील तर त्यांच्या सांकेतिक वाक्याची व्यवस्था तांत्रिक कमी आणि प्रशासकीय जास्त असते. ते एकाच व्यवस्थापकाला ठाऊक असेल, तर त्याच्या बदलीनंतर प्रती उघडत नाहीत. बॅकअप सर्व्हरवरच लिहून ठेवले, तर सर्व्हरसोबतच जाते. म्हणून ते कागदावर, मोहोरबंद पाकिटात, संगणक केंद्राबाहेर म्हणजे बहुधा कुलसचिव कार्यालयात ठेवतात आणि व्यवस्थापक बदलला की तेही बदलतात. बोर्गमध्ये सांकेतिक वाक्य बदलले तरी आतली मूळ किल्ली तीच राहते, त्यामुळे जुन्या किल्लीची नक्कल ज्याच्याकडे आहे त्याचा प्रवेश केवळ वाक्य बदलून बंद होत नाही.