इंटेलच्या मशीनवर ‘एएमडी६४’ का?

संगणकात प्रोसेसर इंटेलचा आणि डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या इन्स्टॉलर फाइलच्या नावात ‘एएमडी६४’, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक कंपनीचं नाव. ही आपली नव्हेच, असं वाटून वर्षानुवर्षं कित्येकांनी शेजारची ‘आय३८६’ उतरवली आहे. ती चालायचीही, फक्त ६४ बिटांच्या मशीनवर ३२ बिटांची सिस्टीम बसायची.

‘३८६’ म्हणजे इंटेलचा १९८५ सालचा ३२ बिटांचा प्रोसेसर. ३२ बिटांत मेमरीचे पत्ते लिहिता येतात ते चार जीबीपर्यंतचेच. मेमरी एमबीत मोजायच्या त्या काळात हा आकडा अफाटच होता. पुढे सर्व्हरना तो अपुरा पडू लागला, तेव्हा इंटेलने एचपीला सोबत घेऊन सगळं नव्याने मांडायचं ठरवलं. २००१ मध्ये इटॅनियम आला. त्याची भाषाच वेगळी, त्यामुळे जुने प्रोग्रॅम त्यावर चालत, पण रखडत.

एएमडीने घर पाडलं नाही, वर मजला चढवला. ३८६च्या घराण्यातल्या जुन्याच एक्स८६ सूचनासंचाला (प्रोसेसरला कळणाऱ्या आदेशांच्या संचाला) ६४ बिटांची जोड दिली. एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि सप्टेंबरात अॅथलॉन ६४ बाजारात आला. जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅम त्यांवर पूर्ण वेगाने पळत, आणि माझ्या मते सारा निकाल तिथेच लागला. २००४ मध्ये इंटेलनेही, नाव वेगळं ठेवून, तोच संच उचलला. पण तोवर ‘एएमडी६४’ हे नाव रुळलं होतं. मायक्रोसॉफ्टने ‘एक्स६४’ म्हणून कुणाचंच नाव घेतलं नाही. लिनक्सच्या टर्मिनलला (आदेश टाइप करायच्या खिडकीला) विचारा, तर ते ‘एक्स८६_६४’ सांगतं. तिन्ही एकच. ‘आयए६४’ मात्र फसवं: वाचताना इंटेलचं वाटतं, आहेही, पण ते फक्त इटॅनियमसाठी.

जुनं सांभाळण्याची किंमत विंडोजच्या फोल्डरांत दिसते. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’ उघडा, आत ६४ बिटांच्या फाइली. ३२ बिटांच्या फाइली ‘सिसवाव६४’मध्ये! ‘सिस्टम३२’ हे नाव असंख्य प्रोग्रॅममध्ये आधीच लिहिलेलं होतं, ते बदलणार कोण?

विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्ती निघालीच नाही, त्यामुळे ३२ की ६४ हा प्रश्न मिटत आला होता. तेवढ्यात आर्म या वेगळ्याच सूचनासंचाचे प्रोसेसर लॅपटॉपांत शिरले. त्यांतलाच अॅपलचा एम१ नोव्हेंबर २०२० चा. पुन्हा दोन नावं: मॅकचं टर्मिनल ‘आर्म६४’ म्हणतं, लिनक्सचं ‘एआर्च६४’.