हार्टच्या एमआरआयला येताय? श्वास भरून नाही, सोडून थांबायचं

आमच्या सेंटरला हार्टच्या एमआरआयसाठी येणारे बहुतेकजण आधी हेच विचारतात, "एको झाला ना जी, मग आता हे कायले?" बरोबर आहे. एको म्हणजे हार्टची सोनोग्राफी, ती स्वस्त पडते, लवकर होते, आणि तुमच्या डॉक्टरांचं त्यावर भागत असेल तर आम्ही उगाच एमआरआय करा म्हणणार नाही. पण साध्या एकोत एक-दोन बाजूंनी पाहून कप्प्याचा आकार अमुक असेल असं धरून हिशोब होतो, आणि हार्ट फुगलं असेल, अटॅकनंतर एखादी भिंत नीट हलत नसेल किंवा उजवा कप्पा मोजायचा असेल तर तो हिशोब कमी पडतो.

एमआरआयमध्ये आकार धरून चालायची गरज नाही. भरताच्या वांग्याच्या आडव्या चकत्या कराव्या तसे देठापासून बुडापर्यंत हार्टच्या दहा-बारा चकत्यांचे हलते फोटो घेतो, चकती साधारण ८ मिलीमीटर जाड, दोन चकत्यांमध्ये २ मिलीमीटर जागा. प्रत्येकीत रक्ताच्या कडेने रेघ मारून क्षेत्रफळ काढायचं, १ सेंटीमीटरने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. कप्पा पूर्ण भरलेला असताना १४० मिली आणि आवळल्यावर ७० मिली आलं, म्हणजे दर ठोक्याला ७० मिली बाहेर गेलं, पंपिंग ५० टक्के. रिपोर्टवर ईएफ लिहिलेलं असतं ते हेच.

आता गडबड होते ती श्वासात. हार्ट श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यावर टेकलेलं असतं, श्वास घेतला की ते खाली सरकतं, सोडला की वर येतं, आणि प्रत्येक चकतीसाठी वेगळा श्वास रोखावा लागतो, दरवेळी ८ ते १५ सेकंद. एकदा छाती भरून थांबलात आणि पुढच्या वेळी अर्धवट, तर हार्ट जागेवर राहत नाही, मग एखादी चकती दोनदा येते नाहीतर सुटूनच जाते. मधली चकती ५ सेंटीमीटर रुंद धरा, तिचं क्षेत्रफळ जवळपास २० चौरस सेंटीमीटर, म्हणजे एका चकतीत २० मिलीचा फरक!

वेचणीच्या दिवसात एक काका आले होते, सांगितलं की श्वास सोडा आणि थांबा, तर दरवेळी गाल फुगवून छाती गच्च भरायचे, दमले की अर्धीच. फोटो एकावर एक लावून बाजूने पाहिले तर हार्टची कडा सरळ यायच्या ऐवजी पायऱ्या पायऱ्या. आम्ही तो रिपोर्ट दिला नाही. काकांना बाहेर बसवलं, त्यांच्या सुनेनं बाकावर बसून मोबाईलच्या घड्याळावर दहा वेळा सराव करून घेतला आणि दुसऱ्यांदा सगळं नीट आलं, पण तोवर मागच्या दोघांची शेवटची एसटी गेली होती. "पुन्हा पुन्हा कशाला करता" म्हणून राग येतो लोकांना, आम्हाला कळतं, पण चुकीच्या आकड्यावर तुमच्या गोळ्या ठरायला नकोत.

तर घरी आडवं पडून रोज थोडा सराव करा. नेहमीसारखा श्वास घ्या, नेहमीसारखा सोडा, तिथेच थांबून १५ पर्यंत मोजा. जोर लावून पोट रिकामं करायचं नाही. भरताना कोण किती भरेल सांगता येत नाही, सोडल्यावर मात्र बहुतेकांचं हार्ट दरवेळी जवळपास त्याच जागी येतं, म्हणून आम्ही सोडूनच थांबवतो. धाप लागत असेल तर आधी सांगा, मध्ये जास्त विश्रांती देऊ.

त्या दिवशी सकाळपासून खर्रा बंद, तंबाखूनं ठोके वाढतात आणि गालात काही धरून झोपलं की खोकला येतो. मंगळसूत्र, जोडवी, करदोडा, सेफ्टी पिना घरीच ठेवा. छातीवर ईसीजीचे स्टिकर लागतात, केस दाट असतील तर काढावे लागतील. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड घेऊन आधी दाखवा, मगच तारीख घ्या.

नुसतं माप घ्यायचं असेल तर इंजेक्शन लागत नाही, आम्ही लावतही नाही, ते स्नायूवरचा डाग पाहायला लागतं आणि डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच. यात एक्स-रेसारखं रेडिएशन नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सांगितलं तर शक्यतो त्याच मशीनवर करा, तुलना नीट होते, तुमचे जुने फोटो आमच्याकडे जपून ठेवलेले असतात. येताना एकोचा जुना रिपोर्ट आणा, उंची-वजन आम्ही इथेच घेऊ.