मुंबई–लंडन विमानप्रवास : वेळ कशी ठरत गेली

मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. आज जेट विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. परतताना साधारण तासभर कमी, कारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवरचे पश्चिमेचे वेगवान वारे तेव्हा पाठीशी असतात. (तिकिटावरच्या वेळा पाहून जातानाचा प्रवास चार-पाच तासांचाच वाटतो, पण लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं.) पण अंतर आणि वारा एवढ्यावर ही वेळ कधीच ठरली नाही. वाटेत कोणाचं आकाश लागतं आणि ते आपल्याला खुलं आहे का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे.

३० मार्च १९२९ रोजी ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेज या विमानकंपनीने लंडन–कराची सेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा, आणि तोही सगळा विमानाने नाही. इटलीच्या हद्दीत विमानाने शिरण्याची अडचण होती. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला उतरायचं, रात्रीच्या आगगाडीने आल्प्स ओलांडून जिनोव्हा गाठायचं आणि तिथून समुद्रविमानाने पुढे निघायचं.

कराचीपासूनची वाट जे. आर. डी. टाटांनी जोडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते एका इंजिनाचं पुस मॉथ विमान स्वतः चालवत, टपाल घेऊन, अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही बैलगाडी. विलायतेची पत्रं मुंबईत लवकर पोचली त्यात तिचाही वाटा होता. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलाने भरून जाई, तेव्हा हीच विमानसेवा पुण्याहून चाले.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं. थांबे दोनच, कैरो आणि जिनिव्हा. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या घरात गेला. पुढे विमानं इतकं इंधन वाहू लागली की थांब्यांची गरजच उरली नाही.

पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन यांच्यात दोरा ताणून धरला, तर तो जवळपास कराचीवरूनच जातो; पुढे इराण, कॅस्पियन समुद्र, जॉर्जिया आणि युक्रेन. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने आपली हद्द बंद ठेवली होती. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली. त्यामुळे भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून आखाताकडे वळसा घ्यावा लागला. ब्रिटिश कंपन्यांवर ही बंदी नव्हती. विमानतळ दोन्हीकडे तेच असूनही कंपनीनुसार वाट निराळी झाली.